जूनमध्ये बाटलीत बुडबुडे: घरच्या रेड वाइनचं अडलेलं मॅलोलॅक्टिक आणि नाशिकचा उन्हाळा

तक्रार दरवर्षी तीच असते, विचारणारा तेवढा बदलतो. फेब्रुवारीत दिंडोरीकडून शिराझ किंवा कॅबर्ने ही वाइनची काळी द्राक्षं आणली, चुरली, यीस्टने साखर संपवली. मार्चमध्ये मॅलोलॅक्टिकचे, म्हणजे वाइनमधलं बोचरं मॅलिक आम्ल मऊ करणारे, जिवाणू टाकले. एप्रिलमध्ये एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची झडप) गप्प झाला, म्हणजे काम झालं असं समजून मे महिन्यात बाटल्या भरल्या. मग मृग लागला, दोन सरी पडल्या, हवा गार झाली आणि पहिल्याच बाटलीच्या पहिल्या घोटाला जीभ चुरचुरली. वाइन थोडी गढूळ, वास दबलेला, एखाददुसरं बूच वर सरकलेलं.

यावर सर्रास मिळणारं उत्तर म्हणजे "जिवाणू खराब निघाले, पुढच्या वर्षी दुसरं पाकीट घ्या." पाकीट खराब असू शकतं, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा दोष वेळापत्रकाचा असतो, आणि ते वेळापत्रक आपण युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांतून जसंच्या तसं उचललेलं असतं.

आधी वायू कुठून आला ते शोधा

बाटलीत वायू तयार व्हायला दोन मुख्य वाटा आहेत. उरलेली साखर यीस्टने पुन्हा खायला घेतली, किंवा उरलेलं मॅलिक आम्ल जिवाणूंनी खाल्लं. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून हे आधी ठरवा.

हिशोब साधा आहे. १ ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, तर १ ग्रॅम मॅलिकमधून सुमारे ०.३३ ग्रॅम. लिटरमागे १० ग्रॅम साखर राहिली असेल तर ५ ग्रॅमच्या आसपास वायू, म्हणजे बिअरइतका फेस. आपल्याकडच्या रेड वाइनमध्ये मॅलिक उरून उरून लिटरला २ ग्रॅम असेल, तर त्यातून पाऊण ग्रॅमही वायू निघत नाही. त्याने जीभ चुरचुरेल, बूच थोडं हलेल, पण बाटली फुटणार नाही. बाटली फुटली असेल तर मॅलोलॅक्टिकला दोष देऊ नका, ती साखरच. स्पार्कलिंग वाइनवाले बाटलीत लिटरला २४ ग्रॅम साखर घालून ६ वातावरणांइतका दाब मुद्दाम तयार करतात आणि त्यासाठी जाड काचेची बाटली वापरतात. आपली साधी बाटली त्या कामाची नाही. फुटलेली एक जरी सापडली तरी बाकीच्या हाताळताना जाड टॉवेल गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि मगच त्या फ्रिजमध्ये हलवा.

साखर तपासताना नाशिकमध्ये हमखास होणारी एक गफलत आहे. बागायतदाराच्या घरी रसाची गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतोच, तोच वाइनवर लावला जातो. अल्कोहोल तयार झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर खोटं बोलतो. २४ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) रसाची पूर्ण कोरडी, म्हणजे साखर संपलेली, वाइनसुद्धा त्यावर ८ च्या आसपास दिसते. इथे द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटरच हवा. नमुना हलवून वायू काढून टाका, मग मोजा. ०.९९६ किंवा त्याखाली आकडा असेल तर साखर बहुधा संपलेली आहे. मेडिकलमधल्या मधुमेहाच्या लघवीच्या पट्ट्या वापरणारेही आहेत. त्या पट्ट्या फक्त ग्लुकोज ओळखतात, आणि यीस्ट शेवटी मागे ठेवतं ते मुख्यतः फ्रुक्टोज. पट्टी कोरी आली म्हणून निश्चिंत होऊ नका.

साखर नाही आणि तरी चुरचुर आहे, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

तिकडे थंडी आडवी येते, इथे ऊन

मॅलोलॅक्टिकमध्ये घडतं ते असं. ईनोकॉकस ईनी नावाचे जिवाणू हिरव्या सफरचंदात असतं ते बोचरं मॅलिक आम्ल घेतात, त्याचं मऊ लॅक्टिक आम्ल करतात आणि थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतात. वाइनचं आम्ल उतरतं, पीएच (आम्ल जितकं तीव्र तितका हा आकडा कमी) साधारण ०.१ ते ०.३ नी चढतो. या जिवाणूंना १८ ते २२ अंश तापमान मानवतं. १५ च्या खाली ते पेंगतात. २५-२६ च्या वर, आणि वाइनमध्ये १३-१४ टक्के अल्कोहोल असताना, ते आजारी पडू लागतात. तिशी ओलांडली की मरतात. इथे उष्णता आणि अल्कोहोल एकमेकांना साथ देतात. नुसत्या रसात जे तापमान जिवाणू सहज सोसतात, तेच तयार वाइनमध्ये त्यांचा जीव घेतं.

युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. यीस्टचं काम संपेपर्यंत थंडी येते, मॅलोलॅक्टिक अर्ध्यात थांबतं आणि वसंतात तळघर कोमट झालं की पुन्हा सुरू होतं. म्हणून तिकडची पुस्तकं एकच गोष्ट सांगत राहतात: वाइन गरम ठेवा, घाई नको, वाट पाहा.

आपल्याकडे गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि काढणी जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत. निफाडचा पारा ५ अंशांखाली जाऊन बागेत शेकोट्या पेटवायचे दिवस तोवर सरलेले असतात. यीस्टचं काम संपतं तेव्हा मार्च उजाडलेला असतो, दुपारी ३५ अंश. म्हणजे "वाट पाहा" हा सल्ला इथे थेट एप्रिलच्या भट्टीत नेऊन सोडतो. टाकलेल्या जिवाणूंपैकी बरेच मरतात, थोडे तग धरतात, मॅलिक अर्धंमुर्धं शिल्लक राहतं आणि एअरलॉक गप्प बसतो. मग जूनमध्ये पाऊस पडून खोलीचं तापमान २३-२४ वर येतं. तोवर उन्हाळ्याने बाटलीतलं सल्फाइटही, म्हणजे जिवाणूंना रोखायला घातलेलं रसायन, बरंचसं खाल्लेलं असतं. तग धरलेल्यांना याहून चांगले दिवस कुठले! तिकडे जे वसंतात होतं ते आपल्याकडे मृगात होतं, फरक इतकाच की आपल्याकडे तोवर वाइन बाटलीत असते.

विंचूरपासून गंगापूर धरणापर्यंतच्या वायनऱ्यांत हा प्रश्न येत नाही, कारण त्यांच्या स्टीलच्या टाक्यांना गार पाण्याचं जॅकेट असतं. त्यांच्याकडची पद्धत ऐकून घरी करताना ते जॅकेट हिशोबातून वगळू नका.

यातून निघणारं माझं मत स्पष्ट आहे: घरी रेड वाइन करायची तर मॅलोलॅक्टिक मार्चच्या मध्यापर्यंत संपलंच पाहिजे. त्यासाठी यीस्ट थांबायची वाट न पाहता, यीस्ट घातल्यावर २४ ते ४८ तासांनी जिवाणूही घालायचे. तेव्हा अल्कोहोल जवळजवळ नसतं, फेब्रुवारीच्या रात्री गार असतात, आणि जिवाणूंना हळूहळू चढणाऱ्या अल्कोहोलची सवय होत जाते. एक जोखीम आहे. यीस्टच मध्ये अडलं आणि साखर शिल्लक राहिली, तर हेच जिवाणू ती साखर खाऊन ॲसेटिक आम्ल करतात आणि वाइनला शिरक्याचा वास लागतो. पीएच जितका चढा, तितका हा धोका मोठा. म्हणून यीस्ट तब्येतीत ठेवा, रसाचं तापमान २८ च्या वर जाऊ देऊ नका आणि पीएच ३.५ च्या आत घेऊन मगच हा मार्ग धरा.

तापमान उतरवण्याचे घरगुती मार्ग ठरलेले आहेत. टबात पाणी भरून त्यात कार्बॉय (वाइनची अरुंद तोंडाची मोठी बाटली) ठेवायचा आणि पाण्यात बर्फाच्या बाटल्या फिरवत राहायच्या. किंवा कार्बॉयला ओलं गोणपाट गुंडाळून समोर पंखा लावायचा. मार्चमधल्या आपल्या कोरड्या हवेत गोणपाट झकास काम करतं, पावसाळ्यात शून्य. पण हा छंद दरवर्षी करणार असाल तर भंगारवाल्याकडचा चालू स्थितीतला जुना फ्रिज घ्या आणि बाहेरून टेम्परेचर कंट्रोलर लावून तो २० अंशांवर ठेवा. ओक लाकडाच्या चिप्सवर घालवलेले पैसे याच्याइतके कारणी लागत नाहीत. अल्कोहोल १४ टक्क्यांच्या वर गेलं असेल तर १८ ते २० च्या दरम्यानच ठेवा.

चमचाभर केएमएस

तापमानानंतर जिवाणूंना मारणारी दुसरी गोष्ट म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, आपलं केएमएस. ते चमच्याने घातलं जातं, सगळी गडबड तिथेच.

केएमएसच्या वजनाच्या साधारण ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो. २० लिटरला ३० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) हवा असेल तर केएमएस लागतं १ ग्रॅमच्या जरा वर. ५० पीपीएमला पावणेदोन ग्रॅम. आणि सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात मावतं सुमारे ६ ग्रॅम. म्हणजे "२० लिटरला चमचाभर" या सल्ल्याने १७० पीपीएम होतात. त्यात मॅलोलॅक्टिक व्हायचं नाही. मोकळा, म्हणजे वाइनमधल्या इतर घटकांशी बांधला न गेलेला, सल्फर डायऑक्साइड १० पीपीएमच्या खाली आणि एकूण आकडा ३०-४० च्या आसपास असेल तर जिवाणूंचं बरं चालतं. बरेच जण फक्त मोकळा मोजतात. बांधला गेलेला सल्फाइटही त्यांना जाचतो, म्हणून एकूण किती घातला ते वहीत लिहून ठेवा. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या.

द्राक्षं चुरताना ३० पीपीएम पुरेसे आहेत, तेही फुटके-सडके मणी निवडून काढले असतील तर. मग मॅलोलॅक्टिक संपल्याची खात्री होईपर्यंत केएमएसचा डबा कपाटात. यीस्टचं काम झाल्यावर "सेफ्टीसाठी थोडंसं" घालणं ही सवय मोडायला सगळ्यात अवघड, कारण बाकी प्रत्येक पेयात ती उपयोगी पडलेली असते.

पीएच, आणि किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व

परदेशी पुस्तकं पीएच ३.२ च्या खाली गेल्याची काळजी करतात. आपल्याकडे तसं क्वचित होतं. इथे पिकताना ऊन लागतं, उन्हात द्राक्ष स्वतःच मॅलिक जाळून टाकतं, आणि सालीतून पोटॅशियम उतरतं. मार्चअखेर काढलेल्या काळ्या द्राक्षांत पीएच ३.७-३.८ दिसला तर नवल नाही. जिवाणूंना हा पीएच आवडतो, पण नको त्या जिवाणूंनाही आवडतो. ३.५ च्या वर पेडिओकॉकस आणि लॅक्टोबॅसिलस मंडळी डोकं वर काढतात. वाइन तेलकट, ओशट धारेची होते किंवा गिळल्यावर घशात उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास उरतो. तो वास नाकाला आधी येतच नाही, वाइनच्या आम्लात दबलेला असतो, थुंकीत मिसळला की उमटतो. त्यावर इलाज नाही, ओतून द्यायची.

म्हणून पीएच यीस्ट टाकण्याआधी, रसातच दुरुस्त करा. लिटरला १ ग्रॅम टार्टारिक आम्लाने पीएच साधारण ०.१ नी उतरतो. लक्ष्य ३.४ ते ३.५ ठेवा, कारण मॅलोलॅक्टिकनंतर तो पुन्हा चढणारच आहे. पीएचच्या पट्ट्या लाल रसात रंगून निघतात, त्यांचा भरवसा नाही. मीटरच घ्या आणि ४ आणि ७ पीएचच्या बफर द्रावणांनी दरवेळी जुळवा.

टार्टारिक न मिळाल्यास लोक लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, घालतात. मॅलोलॅक्टिक करायचं असेल तर अजिबात नको. तेच जिवाणू सायट्रिक आम्ल खाऊन डायॲसिटिल आणि ॲसेटिक आम्ल तयार करतात: आधी लोण्याचा वास, मग शिरका. चिंचेतलं मुख्य आम्ल टार्टारिकच आहे हे खरं, पण म्हणून कोळ घालायचा विचार मनात आणू नका.

आता एक प्रश्न, जो पहिल्या दिवशीच विचारायला हवा: तुमच्या द्राक्षांत मॅलिक आहे किती? उष्ण भागातल्या पूर्ण पिकलेल्या द्राक्षांत ते लिटरला १-२ ग्रॅमच उरतं. वाइन आंबट लागते ती पुष्कळदा तुम्हीच घातलेल्या टार्टारिकमुळे, आणि मॅलोलॅक्टिक त्याला हातही लावत नाही. "मॅलोलॅक्टिक करूनही आंबटच" ही तक्रार करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. उलट मॅलिक अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच असेल तर जिवाणूंना खायलाच काही नसतं आणि ते सुरूच होत नाहीत. मग आपण ज्याला अडलेलं समजतो ते मुळात करण्यासारखं कामच नव्हतं.

यीस्ट, खाद्य, फवारणी

हे भराभर सांगतो. ईसी-१११८ हे यीस्ट सगळीकडे मिळतं आणि काम चोख करतं, पण ते रसातलं खाद्य फस्त करतं आणि स्वतःही थोडा सल्फर डायऑक्साइड तयार करतं. मॅलोलॅक्टिक दरवर्षी अडत असेल तर आधी हे यीस्ट बदलून पाहा. ७१बी जातीचं यीस्ट मॅलिकचा काही भाग स्वतःच खातं, आपल्या कामाला ते बरं. डीएपी हे यीस्टचं खाद्य आहे, जिवाणूंना त्यातला अमोनिया वापरता येत नाही, म्हणून अडलेल्या मॅलोलॅक्टिकमध्ये डीएपी ओतू नका. उरलेल्या डीएपीवर नको ते सूक्ष्मजीव पोसले जातात. निष्क्रिय यीस्टपासून केलेलं जिवाणूंचं वेगळं खाद्य मिळतं. ते नसेल तर तळाचा बारीक गाळ आठवड्यातून एकदा हलक्या हाताने, हवा न मिसळता ढवळा. मेलेलं यीस्ट फुटून जे बाहेर पडतं ते जिवाणूंना चालतं. पहिला जाड गाळ मात्र एक-दोन दिवसांत निथळून वेगळा केलेला असावा, नाहीतर कुजक्या अंड्याचा वास ठरलेला.

फवारणीचं आपल्याकडे विशेष. भुरीसाठी गंधक आणि केवड्यासाठी बोर्डो मिश्रण उशिरापर्यंत मारलेल्या बागेतली द्राक्षं असतील तर गंधकाने वास बिघडतो आणि तांब्याचा अंश यीस्ट-जिवाणू दोघांनाही जड जातो. शेतकरीदादांना शेवटची फवारणी कधी केली हे मोकळेपणाने विचारा. निर्यातीची बाग असेल तर त्यांच्याकडे नोंद असतेच.

पाकीट

कोरडे जिवाणू उणे १८ अंशांत ठेवायचे असतात. थोड्या दिवसांचा साधा प्रवास ते सोसतात, पण मार्चच्या दुपारी कुरिअरच्या गाडीत पडून राहणं नाही. मागवायचेच तर जानेवारीत मागवा आणि फ्रीझरमध्ये टाका. लहान व्यावसायिक पाकीट साधारण अडीच ग्रॅमचं, तेही २५० लिटरचं असतं. आपल्या २० लिटरला ते पूर्ण घातलं तरी बिघडत नाही. चिमूटभर घालून उरलेलं चिकटपट्टी लावून पुढच्या वर्षासाठी ठेवणं मात्र फुकट आहे. उघडलेल्या पाकिटाला ओल लागते आणि जिवाणू मरतात. त्यापेक्षा चार-पाच जणांनी एकाच दिवशी द्राक्षं चुरा आणि पाकीट वाटून घ्या.

दुसरी सोय म्हणजे विरजण. ज्याच्या वाइनमध्ये मॅलोलॅक्टिक जोरात चालू आहे त्याच्याकडून आपल्या वाइनच्या ५ ते १० टक्के वाइन आणायची आणि मिसळायची. दह्यासारखंच, विरजण ताजं आणि चांगल्या घरचं हवं. त्या वाइनला शिरक्याचा किंवा उंदराचा वास असेल तर तोही सोबत येतो. आणि कुणीतरी विचारतंच म्हणून सांगतो: खरं दही घालायचं नाही. आम्ल लॅक्टिकच असलं तरी दह्यातले जिवाणू १३ टक्के अल्कोहोलमध्ये टिकत नाहीत, आणि दुधाची चोथापाण्यासारखी घाण मात्र वाइनमध्ये उरते.

याच ओघात कायद्याचंही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ खाली मद्य तयार करणं परवान्याच्या कक्षेत येतं. आपल्या बाबतीत काय लागू होतं ते राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून समजून घ्या, आणि विकण्याच्या फंदात तर पडूच नका.

संपलं का? कागदाला विचारा, एअरलॉकला नको

एअरलॉकचे बुडबुडे काहीच सिद्ध करत नाहीत. वाइनमध्ये यीस्टने सोडलेला वायू विरघळलेला असतो. दुपारी खोली तापली की तो बाहेर पडतो आणि मॅलोलॅक्टिक चालू आहे असं वाटतं. रात्री गार झालं की बुडबुडे बंद, आणि संपलं असं वाटतं. चवीवरूनही कळत नाही, निदान २ ग्रॅमच्या खालच्या मॅलिकमध्ये तरी मला कुणाची जीभ भरवशाची वाटत नाही.

घरी करण्याजोगी पक्की चाचणी म्हणजे पेपर क्रोमॅटोग्राफी. व्हॉटमन १ नंबरचा कागद, आणि ब्युटेनॉल, फॉर्मिक आम्ल व ब्रोमोक्रेसॉल ग्रीन यांचं तयार द्रावण लागतं. द्रावणाचा वास डोक्यात जातो आणि ते ज्वलनशील आहे. गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत करा, स्वयंपाकघरात नाही, हातमोजे घालून.

कागदाच्या खालच्या कडेपासून अडीच सेंटीमीटरवर पेन्सिलने रेघ मारा. पेनने नको, शाई द्रावणाबरोबर वर चढते. रेघेवर अंतरा-अंतराने टार्टारिक, मॅलिक आणि लॅक्टिक यांचे ज्ञात नमुने आणि मध्ये तुमच्या वाइनचे थेंब द्या. थेंब बारीक ठेवायचा, वाळू द्यायचा, त्याच जागी पुन्हा द्यायचा, असं तीन-चारदा. कागदाची नळी करून कडा एकमेकींना टेकणार नाहीत अशा बेताने स्टेपल करा. तळाशी द्रावण असलेल्या रुंद तोंडाच्या बरणीत ती उभी ठेवून झाकण लावा. थेंब द्रावणात बुडता कामा नयेत. द्रावण वरच्या टोकाजवळ पोचायला सहा-आठ तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवलेलं सोयीचं. मग कागद वाळवा. ओला असताना सगळाच पिवळा दिसतो. फॉर्मिक आम्ल उडून गेलं की पार्श्वभूमी निळी-हिरवी होते आणि आम्लांचे पिवळे ठिपके उरतात. उन्हाळ्यात हे लवकर होतं. पावसाळ्यात कागद दिवसभर पिवळाच राहिला तर चाचणी फसली असं समजून फेकू नका.

खालून वर क्रम असा: टार्टारिक, त्यावर सायट्रिक, मग मॅलिक, आणि सगळ्यात वर लॅक्टिक. इथे नवखे हमखास फसतात. वर लॅक्टिकचा ठिपका दिसला की ते खूश होतात. यीस्टने तयार केलेलं सक्सिनिक आम्लही जवळपास त्याच उंचीवर येतं, म्हणून वरचा फिकट ठिपका काहीच सांगत नाही. पाहायचा तो मॅलिकचा ठिपका. तो पूर्ण गेला का? कागदाला लिटरमागे ०.१ ग्रॅमच्या आसपास मॅलिक दिसतं, त्यामुळे ठिपका गेल्यावरही दोन आठवडे थांबून पुन्हा एकदा चाचणी करा. मगच केएमएस.

सगळ्यात उपयोगी चाचणी मात्र शेवटची नसून पहिली आहे: यीस्ट टाकायच्या दिवशीच रसाचा एक नमुना फ्रीझरमध्ये ठेवा आणि नंतरच्या प्रत्येक कागदावर त्याचा थेंब शेजारी द्या. किती होतं आणि किती उरलं, हे तुलनेशिवाय कळत नाही.

अडलंय, मार्च संपत आलाय

कागदावर मॅलिक ठसठशीत दिसतंय आणि दोन आठवड्यांत फिकं झालेलं नाही, तर तापमान, एकूण सल्फाइट, पीएच, अल्कोहोल या क्रमाने तपासा. तापमान चुकलं असेल तर आधी वाइन २० वर आणा आणि मग नवे जिवाणू टाका. तापलेल्या वाइनमध्ये दुसरं पाकीट टाकणं म्हणजे तेही मारणं. अल्कोहोल जास्त असेल तर थेट न टाकता आधी तयारी करा: एक लिटर वाइन आणि तेवढंच उकळून गार केलेलं पाणी, थोडं जिवाणूंचं खाद्य, त्यात जिवाणू. तीन-चार दिवस २०-२२ अंशांत ठेवा, त्यातलं मॅलिक उतरतंय हे कागदावर पाहा, आणि मग मोठ्या भांड्यात मिसळा. सल्फाइट जास्त पडलं असेल तर मॅलोलॅक्टिक झालेल्या दुसऱ्या वाइनमध्ये मिसळून ते पातळ करणं हाच समंजस मार्ग. हायड्रोजन पेरॉक्साइडने सल्फाइट मारायच्या युक्त्या फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका. थोडं जास्त पडलं की वाइनच संपते.

आणि २० अंशांत ठेवायची सोयच नसेल तर? मग हट्ट सोडा. सल्फाइटशिवाय वाइन एप्रिल-मेच्या उन्हात ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय. केएमएसची योग्य मात्रा घाला, भांडं काठोकाठ भरा, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा आणि पावसाआधी पिऊन संपवा. थोडं मॅलिक उरलेली ताजी रेड वाइन उन्हाळ्यात थंड करून छान लागते. लायसोझाइम हा अंड्याच्या पांढऱ्यातला पदार्थही जिवाणूंना मारतो, पण रेड वाइनमधले टॅनिन त्याला पकडतात आणि रंगही उतरतो, म्हणून घरी त्याची भानगड नको. पोटॅशियम सॉर्बेट तर मुळीच नको. ते यीस्टला रोखतं, जिवाणूंना नाही. उलट हे जिवाणू सॉर्बेट खाऊन चुरगळलेल्या जिरेनियमच्या पानांसारखा वास तयार करतात, तो कधीच जात नाही.

लोण्याचा वास मात्र घाबरण्यासारखा नाही. मॅलिक संपल्यावर लगेच केएमएस न घालता वाइन बारीक गाळावर आणखी आठवडा-दोन आठवडे राहू दिली तर यीस्ट आणि जिवाणू डायॲसिटिल बरंचसं खाऊन टाकतात.

मॅलिक संपल्यावर केएमएस किती

पीएच पुन्हा मोजा, तो चढलेला असणार. सल्फाइटचा जोर पीएचवर ठरतो. ३.४ ला मोकळा सल्फर डायऑक्साइड ३२ पीपीएम जे काम करतो, त्यासाठी ३.६ ला ५० लागतात आणि ३.८ ला ८० च्या जवळ. रसात पीएच दुरुस्त करायला सांगितला त्याचं हे दुसरं कारण. ३.८ च्या वाइनला राखण्याइतकं केएमएस घातलं की तेच नाकात झोंबतं.

आता ज्यांच्या बाटल्या आत्ताच चुरचुरत आहेत त्यांच्यासाठी. साखर नाही याची हायड्रोमीटरने खात्री करा. बाटल्या गार करा, उघडा, आणि नळीने कार्बॉयच्या तळाशी हळू सोडत एकत्र करा. वरून ओतू नका, हवा मिसळते. कार्बॉय काठोकाठ भरा, एअरलॉक लावा आणि केएमएस घालू नका. जुलै-ऑगस्टमधलं नाशिकचं घर २२ ते २६ अंशांत असतं, त्यातली गार खोली निवडली की फ्रिजही लागत नाही. बाटल्यांत जे अर्धवट चाललं होतं ते बहुधा इथे आपोआप संपतं. दर पंधरा दिवसांनी कागद लावा. मॅलिकचा ठिपका लागोपाठ दोनदा दिसला नाही की गाळावरून निथळून घ्या, पीएचप्रमाणे केएमएस घाला, विरघळलेला वायू निघून जाईपर्यंत महिनाभर राहू द्या आणि नवरात्राच्या सुमारास बाटल्या भरा. वाइन पहिल्यासारखी फळाच्या वासाची राहणार नाही, पण पिण्याजोगी नक्की राहील.

थॉमसन, शेनिन किंवा सोव्हिन्याँ ब्लाँची पांढरी वाइन करणाऱ्यांनी यातलं काहीच करू नये. त्यांना मॅलिकचा तो चटका हवाच असतो. यीस्टचं काम संपल्याबरोबर केएमएस घाला, लगेच निथळा, फ्रिजमध्ये ठेवा, आणि रेड वाइनची नळी तिला लावू नका.